नव्या मिशन इम्पॉसिबलमधल्या त्या कारकुनाबद्दल विचारायचंय

गावभागातली (सांगली), १८ मे २०२५

नमस्कार मंडळी. काल शनिवारी मिशन इम्पॉसिबलचा आठवा भाग, 'द फायनल रेकनिंग', आपल्याकडे लागला. अमेरिकेच्याही आधी लागलाय, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांनी बघितला असेल. शेवट काय होतो ते मला नको आहे. एका माणसाबद्दल विचारायचंय, आणि ते कळल्याशिवाय मी तिकिटं काढणार नाही.

१९९६ चा पहिला भाग आठवा. लँग्लीमधली, म्हणजे सीआयएच्या मुख्यालयातली, ती पांढरी खोली. आवाज झाला तरी घंटा, जमिनीला पाय लागला तरी घंटा, आतली उष्णता वाढली तरी घंटा. टॉम क्रूझ छतातून दोरीवर उतरतो. सगळ्यांच्या लक्षात तो लोंबकळणारा टॉम क्रूझ आणि चष्म्यावरून ओघळलेला घामाचा थेंब राहिलाय. पण त्या खोलीत रोज येऊन काम करणारा एक माणूस होता, विल्यम डनलो. त्याच्या कॉफीत काहीतरी घालतात, त्याला मळमळायला लागतं, तो बिचारा संडासाकडे पळतो आणि तेवढ्यात टॉम क्रूझच्या टोळीचं चोरीचं काम उरकतं. शेवटी वरून सुरी निसटते आणि त्याच्या टेबलात उभी रुतते. तो परत येतो तेव्हा समोर ती सुरी. पुढे साहेब हुकूम सोडतो की याला आजच्या आज अलास्कात रडारच्या मनोऱ्यावर पाठवा. त्यानंतर डनलोचं नाव नाही.

हा पिक्चर मी ९७ च्या गणपतीत बघितला. आमच्या गल्लीतलं मंडळ रात्री दहानंतर व्हिडिओ लावायचं, टेबलावर टीव्ही, रस्त्यावर सतरंज्या. त्या प्रसंगात बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे इंग्रजी न कळणारी आमची अख्खी गल्ली श्वास रोखून बसली होती. मागे कुणीतरी भडंगाचा पुडा उघडला तर चार जण "शूऽऽ" म्हणून ओरडले. मी बारा वर्षांची होते. घरी जाताना मी दोरीबद्दलच बडबडत होते. आप्पा गप्प होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "त्या कारकुनाची चूक काय होती गं?"

मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. आप्पा एका सरकारी कचेरीत कारकून होते. १९९१ साली त्यांच्या ताब्यातल्या कपाटातून एक रजिस्टर गेलं. आप्पा दहा मिनिटं चहाला खाली उतरले होते. कुणी नेलं ते पुढे सगळ्या कचेरीला कळलं, पण तोवर बदलीचा कागद हातात पडला होता: सिरोंचा. सांगली महाराष्ट्राच्या एका टोकाला, तर सिरोंचा पार दुसऱ्या टोकाला, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावर, पलीकडे तेव्हाचा आंध्र. मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने वर्धा, तिथून बल्लारशा, मग एसटी. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, कायमचे परत आले तेव्हा दहाची. त्या चार वर्षांबद्दल ते घरात कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण डनलोचं मात्र विचारायचे. दुसरा भाग आला तेव्हा विचारलं, तिसरा आला तेव्हा विचारलं, "तो कारकून आहे का यात?" नव्हता. मग विचारायचं सोडलं.

आता वाचनात आलं की २९ वर्षांनी तोच माणूस परत आलाय, नटही तोच, रॉल्फ सॅक्सन. म्हणून विचारते. त्याला नीट वागवलंय का? हसण्यावारी नेलं असेल, पडद्यावर मिनिटभर दाखवून टाळ्या घेतल्या असतील, तर मी आप्पांना नेणार नाही. ७८ वर्षांचे आहेत, एवढी वर्षं वाट बघून त्यांना तसं बघायला लागू नये.

अजून एक. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आप्पांना आम्ही माडीच्या खिडकीतून बोटीत उतरवलं. रात्र होती. तेव्हापासून अंधारातलं पाणी त्यांना सोसत नाही, टीव्हीवर आलं तरी उठून जातात. यात बुडालेल्या पाणबुडीचा मोठा प्रसंग आहे म्हणे. कितपत मोठा? आणि मधले भाग बघितले नसले तर चालेल का?

---

विश्रामबागवाला, १८ मे

ताई, काल रात्रीचाच शो टाकला. विमानाचा प्रसंग बघून आलो आणि रात्री झोप नाही. दोन पंख्यांचं, म्हणजे वर-खाली दोन पंख असलेलं जुनं स्टिअरमन विमान, आणि हा माणूस त्याच्या पंखावर रांगतोय, खाली दक्षिण आफ्रिकेतले डोंगर. वाऱ्याने गाल मागे ओढले गेलेले दिसतात. साठी पार केलेला माणूस आहे! बुर्ज खलिफा (२०११), उडत्या विमानाच्या दारावर लटकणं (२०१५), नॉर्वेत कड्यावरून मोटरसायकलसकट उडी (२०२३), या सगळ्यांच्या वर हे ठेवतो मी.

तुमच्या कारकुनाचं मात्र खरं सांगतो, मी पहिला भाग बघितलेलाच नाही, त्यामुळे तो माणूस पडद्यावर आला तेव्हा शेजारचे काका टाळ्या का वाजवताहेत ते मला कळलं नाही. आता कळलं. आज रात्री पहिला भाग बघतो.

---

कृष्णाकाठ, १८ मे

गावभागातली ताई, बिनघोर न्या.

मी हे पिक्चर पहिल्यापासून थेटरात बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्हाला हवं तेवढंच सांगतो, बाकी पडद्यावर बघा.

डनलो बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर भेटतो. हे बेट खरंच आहे, अलास्कात, आणि तिथं वस्ती नाही. पिक्चरमध्ये मात्र तो तिथं राहतोय, बायकोबरोबर. एवढी वर्षं ज्या माणसाला अडगळीत टाकलं होतं, त्याच्याच डोक्यात ती माहिती आहे जिच्यावाचून टॉम क्रूझचं पान हलत नाही: 'सेवास्तोपोल' पाणबुडी नेमकी कुठं बुडाली. बदलीच्या जागी त्याने मन लावून काम केलं म्हणून त्याला ते ठाऊक आहे. लिहिणाऱ्याने हे फार विचार करून योजलंय असं मला वाटतं. आणि तो एका प्रसंगापुरता येत नाही. पुढे तो आणि त्याची बायको, दोघंही या टोळीबरोबर कामाला उभे राहतात, शेवटापर्यंत. सुरीही आहे. तिच्याबद्दल मी बोलणार नाही.

मधले भाग. आप्पांनी पहिला बघितलाय, तोच सगळ्यात महत्त्वाचा. तिसऱ्यात (२००६) 'रॅबिट्स फूट' नावाची वस्तू होती, ती काय होती हे तेव्हा सांगितलंच नव्हतं, त्याचा धागा इथं जोडलाय. सातवा (२०२३) मात्र घरी दाखवा, कारण आठवा ही त्याचीच पुढची गोष्ट आहे. 'एन्टिटी' म्हणून एक संगणकाची बुद्धी मोकाट सुटलीय, कुणाचाही आवाज काढते, कुठलीही बातमी खोटी करते, आणि तिचा मूळ गाभा त्या बुडालेल्या पाणबुडीत आहे, एवढं समजलं की पुरे. हिंदीत सातवा घरबसल्या मिळतो.

आता पाणी. इथं मी खोटं बोलणार नाही. प्रसंग लांब आहे आणि काळोखाचा आहे. पाणबुडी समुद्राच्या तळावर पडलीय आणि हा आत शिरल्यावर ती कलंडायला लागते. आतलं पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर, टॉर्पेडो अंगावर गडगडत येतात. माझ्या मते सगळ्या आठ भागांतला हा सगळ्यात उत्तम प्रसंग आहे. कारण विचाराल तर, इथंही बोलणं नाही. १९९६ ची खोली आणि ही पाणबुडी, दोन्हीकडे एकटा माणूस, जीव मुठीत, आणि आपण ऐकतोय तो फक्त धातूचा नि श्वासाचा आवाज. पण आप्पांना त्रास होऊ शकतो. कडेची खुर्ची घ्या. तो बर्फाच्या समुद्रात उतरायला लागला की समजा, सुरू झालं. तेव्हा बाहेर आणा, चहा पाजा, पंधरा-वीस मिनिटांनी परत जा. डनलो त्याआधी येतो, त्यामुळे तो चुकणार नाही.

---

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा), १९ मे

कृष्णाकाठ यांचं पाणबुडीबद्दलचं म्हणणं मान्य. पण ताईंना पूर्ण चित्र कळावं म्हणून लिहितो: पिक्चर पावणेतीन तासांहून मोठा आहे आणि पहिला तास जड जातो. सात भागांतले जुने तुकडे पुन्हा पुन्हा दाखवतात. दर दहा मिनिटांनी एक माणूस दुसऱ्याला जग कसं बुडणार आहे ते समजावतो, दुसरा त्याचं वाक्य पुरं करतो. पूर्वी या पिक्चरमध्ये टोळी एकत्र बसून बेत आखायची, मुखवटे घालायची, बेत फसायचा, मग धावपळ. ती मजा कमी झालीय. गॅब्रिएल हा खलनायक तर मला सातव्यातही पटला नव्हता आणि आठव्यातही पटला नाही. त्याची नि ईथनची (म्हणजे टॉम क्रूझची) जुनी दुष्मनी काय, ते दोन भाग झाले तरी मनाला भिडत नाही. सहावा भाग (२०१८) हा या मालिकेचा कळस, असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

ल्यूथरबद्दल मात्र बोलायलाच हवं. आठही भागांत असलेले नट दोनच, टॉम क्रूझ आणि ल्यूथर झालेला व्हिंग रेम्स. पहिल्या भागात ट्रेनमध्ये संगणक घेऊन बसलेला तो धिप्पाड माणूस आता थकलाय, आजारी आहे, आवाज तोच. त्याच्या प्रसंगाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या प्रसंगापुरता हा भाग मी सहाव्याच्या बरोबरीने ठेवीन.

ताई, ज्या जुन्या तुकड्यांचा मला वैताग आला, ते आप्पांना उपयोगी पडतील. त्यांनी पहिलाच भाग बघितलाय ना? मग त्यांची खोली आणि सुरी त्यांना परत दिसेल.

---

मिरजेचा तबला, १९ मे

सगळे उड्यांवर बोलताहेत, धुनेवर कुणीच नाही, म्हणून लिहितो. मी मिरजेत तबला शिकवतो. १९६६ च्या टीव्ही मालिकेसाठी लालो शिफ्रिन यांनी बांधलेली ही धून. साठ वर्षं होत आली, अजून तीच चाललीय, आणि त्याला कारण आहे.

ही धून पाच मात्रांची आहे. अर्ध्या मात्रा मोजल्या तर दहा. म्हणजे आपल्या झपतालाएवढं आवर्तन. पण झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन, आणि हिचे तीन-तीन-दोन-दोन. धून वाजवा आणि मांडीवर ठेका धरा: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. धुनेचे आघात पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि नवव्या मात्रेवर पडतात. झपतालाचे विभाग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या मात्रेला सुरू होतात. सम, म्हणजे पहिली मात्रा, सोडली तर एकही जागा जुळत नाही. दर आवर्तनाला आपण समेवर भेटतो आणि लगेच परत चुकामूक. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे करायला लावतो, चांगली पोरंसुद्धा तिसऱ्या आवर्तनाला घसरतात. ऐकताना जी हुरहुर लागते ती या दीड-दीड, एक-एक हिशेबातली आहे: दोन लांब पावलं, दोन आखूड, कुणीतरी पळता पळता मागे वळून बघितल्यासारखं.

१९९६ च्या पिक्चरबरोबर याच धुनेची एक आवृत्ती गाजली होती, ती बरीचशी सरळ चार मात्रांत बसवलेली. नाचायला बरी, पण जीव गेला तिचा. नव्या भागात ती मूळ पाचाची चाल आहे. सुरुवातीची नावं येताना डोळे मिटून ऐका.

---

तारबाबू, १९ मे

तबलेवाल्या गुरुजींना एक पुरवणी. मी तारखात्यात होतो, निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. २०१३ च्या जुलैत देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मोर्समध्ये 'एम' हे अक्षर म्हणजे दोन लांब ठोके, आणि 'आय' म्हणजे दोन आखूड. लांब लांब, आखूड आखूड. मिशन इम्पॉसिबल, एम आय. नातवाने ही धून पहिल्यांदा लावली तेव्हा मी शेजारच्या खोलीतून विचारलं, "एम-आय कोण पाठवतंय?" रचणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. माझ्या कानाला ती तारच वाटते.

---

गावभागातली, २० मे

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ दादा, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं. रविवारची तिकिटं काढलीत, हिंदीची, कडेच्या तीन. तिसरं आईचं, तीही येते म्हणाली. सातवा भाग काल आणि आज, दोन रात्रींत मिळून दाखवला. आप्पांना ट्रेनचा प्रसंग फार आवडला. डनलो आहे हे मी अजून सांगितलेलं नाही.

---

गावभागातली, २६ मे

काल जाऊन आलो. दुपारी वळीव धो-धो कोसळला, रिक्षा मिळेना, तरी वेळेत पोचलो.

सुरुवातीच्या नावांना मी डोळे मिटले, गुरुजी, आणि मांडीवर मोजलं. दुसऱ्या आवर्तनालाच चुकले. पण दोन लांब, दोन आखूड मात्र स्पष्ट ऐकू आलं.

सातारच्या दादांनी म्हटल्याप्रमाणे पहिला तास मलाही लांबला. आप्पांना नाही. ते प्रत्येक जुन्या तुकड्याला पुढे सरकत होते, आणि ती पांढरी खोली आली तेव्हा माझ्या दंडावर हात ठेवला. मग नाव आलं. विल्यम डनलो. आप्पा मोठ्याने म्हणाले, "आहे? जिवंत आहे?" पुढच्या रांगेतल्या एका मुलाने वळून बघितलं. आप्पांचा चेहरा बघून तो काही न बोलता परत वळला.

मग ते बर्फातलं घर, म्हातारा झालेला डनलो. मी पडदा कमी आणि आप्पांना जास्त बघत होते, त्यामुळे प्रसंग मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतो. त्याला राग नाही. मनात काही धरून ठेवलेलं नाही. तिथं आला म्हणून ही बायको भेटली, हे आयुष्य मिळालं, असं तो सांगतो. ती सुरी त्याने एवढी वर्षं जपून ठेवलीय. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला, परत काढला. आईने तिच्या पिशवीतून रुमाल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावरची नजर तिने हलवली नाही.

पाणबुडी. टॉम क्रूझ पाण्यात उतरला तेव्हा मी कानात म्हटलं, "आप्पा, आपण बाहेर जाऊन येऊ." त्यांनी मान हलवली, नाही. माझं मनगट धरलं आणि डोळ्यांवर दुसरा हात. पूर्ण वेळ तसेच बसले होते. मध्ये दोनदा विचारलं, "आला का वर?" मी दोनदा म्हटलं, "अजून नाही." तिसऱ्यांदा त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "आला." मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ रात्रीपर्यंत होते. २०१९ नंतर एवढा वेळ त्यांनी पाण्यापुढे काढलेला नव्हता.

कृष्णाकाठ दादा, तुम्ही लिहिलंत की डनलोला नीट वागवलंय. खरंच वागवलंय. हे ज्यांनी लिहिलं त्यांना १९९६ मध्ये आपण एका माणसाला विनाकारण खड्यासारखं बाजूला काढलं हे आठवत राहिलं असणार, त्याशिवाय असं लिहून होत नाही.

पण परत येतानाचं सांगायचंय. रिक्षात मी म्हटलं, "आप्पा, बघा, त्याचं चांगलंच झालं शेवटी." मला वाटलं ते हो म्हणतील. ते म्हणाले, "त्याला त्याची बायको तिथं भेटली. माझी इथं होती. त्याचं आणि माझं सारखं नाही." आई मध्ये बसली होती. कुणी काहीच बोललं नाही. रिक्षा मारुती रोडच्या पाण्यातून हळूहळू चालली होती.

मग घराच्या अलीकडे ते आपण होऊन बोलायला लागले. सिरोंच्यात त्यांच्या खोलीशेजारी एक तेलुगू म्हातारी राहायची. अंबाडीची भाजी आणि भात पाठवायची, भांडं परत घ्यायला स्वतः यायची, आणि यांना तिची भाषा येईना म्हणून रोज एक-एक आकडा शिकवायची. आप्पा रिक्षात म्हणायला लागले: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू. वीसपर्यंत गेले, न अडखळता. माझं वय चाळीस, त्यांना तेलुगू आकडे येतात हे मला काल कळलं. आईलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर ती मेथी निवडायला बसली आणि खाली मान घालून एवढंच म्हणाली, "पत्रात कधी लिहिलं नाहीत." आप्पा म्हणाले, "लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं मी तिथं सुखात आहे."

काल रात्री त्यांनी दोन गोष्टी विचारल्यात. एक, डनलोची बायको कुठली भाषा बोलते? मी रात्री शोधायला बसले पण झोप लागली. दुसरी, सिरोंच्याला आता कसं जातात? म्हातारी आता नसणार हे ते स्वतःच म्हणाले. घर बघायचंय.

---

कृष्णाकाठ, २६ मे

ताई, काय लिहावं सुचत नाही. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

भाषा इनुक्टिटुट. डनलोच्या बायकोचं, टपीसाचं, काम करणारी ल्युसी तुलुगारयुक स्वतः इनुइट आहे, कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतची. पिक्चरमध्ये ती स्वतःचीच भाषा बोलते, आणि डनलो ती समजून उत्तर देतो. मी हे दुसऱ्यांदा बघायला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. आप्पांनी एका खेपेत ऐकलं.

---

चंद्रपूरकर, २७ मे

नेहमी वाचतो, लिहीत नाही. सिरोंच्याचं नाव आलं म्हणून लिहितो.

आता जाऊ नका. पावसाळ्यात त्या भागातले ओढे-नाले कधी रस्ता अडवतील सांगता येत नाही. दिवाळी होऊ द्या. बल्लारशापर्यंत रेल्वे तशीच, पुढे आष्टी, आलापल्ली, मग सिरोंचा. म्हाताऱ्या माणसाला एका दमात नेऊ नका, पल्ला लांब आहे आणि सगळं जंगल. आलापल्लीला एक रात्र मुक्काम करा. सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत पोचाल. आप्पांच्या वेळी गोदावरी ओलांडायला नावच असेल, आता पूल झालाय, पलीकडे कालेश्वरचं देऊळ गाडीने करता येतं. तेलुगू अजून तेवढीच चालते. अंबाडीही मिळते, तिकडे गोंगुरा म्हणायचं.

---

गावभागातली, २७ मे

आप्पांना वाचून दाखवलं. गोंगुरा ऐकल्यावर म्हणाले, "हां, गोंगुरा!" भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोव्हेंबरचं पान काढून बघितलंय. आई म्हणते, तिकीट दोघांचं काढ.